मुंबई नुसती फिरवू नका, दाखवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं की मुंबईत आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही, नुसती गर्दी, खोदकाम आणि ट्रॅफिक, बाहेरगावच्या माणसाने तिकडे पैसे घालवू नयेत, त्यापेक्षा कोकणात जावं. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. कारण आत्ताच मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघीच, अमरावतीहून जाऊन चार-पाच दिवस मुंबई बघून आलो. नवरे नाहीत, मुलं नाहीत, कुणाचं लग्न नाही की कुणाचं ऑपरेशन नाही, नुसतं बघायला म्हणून. (आमच्याकडे लोक मुंबईला जातात ते मंत्रालयात काम असलं तर, नाहीतर टाटाला पेशंट असला तर. नुसतं बघायला चाललो म्हटल्यावर शेजारणीला खरंच वाटेना, तिने दोनदा विचारलं, सगळं ठीक आहे ना वं?)

तर गर्दी आहे, खोदकाम आहे, सगळं मान्य. पण बघण्यासारखं नाही हे साफ चूक. माझी तक्रार वेगळी आहे. बघायला आलेल्याला मुंबईत फिरवतात खूप, दाखवत कुणी नाही.

सीएसएमटीचंच घ्या. आम्ही अमरावती एक्स्प्रेसने सकाळी तिथेच उतरलो. गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस बाहेर पळत होता, आम्हाला पळायचं नव्हतं म्हणून रस्ता ओलांडून समोर महापालिकेच्या इमारतीबाहेर फोटो काढायला एक उंच गॅलरी केलीये तिथे जाऊन उभ्या राहिलो. माझी मैत्रीण चित्रकलेची शिक्षिका होती, एटीडी झालेली, आता रिटायर आहे, त्यामुळे तिला नुसतं 'वा, काय बिल्डिंग आहे' म्हणून भागत नाही. तिने मला गेटचे दोन खांब दाखवले, एकावर सिंह बसलाय आणि दुसऱ्यावर वाघ, सिंह म्हणजे इंग्रज आणि वाघ म्हणजे आपण. मग भिंतीवरचे मोर, माकडं, दगडी पानं, वेली. स्टेशनचं डिझाइन फ्रेडरिक स्टीव्हन्सचं, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, पण ह्या कोरीवकामात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात होता, म्हणजे आपलीच पोरं छिन्नी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी तीस वर्षं पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पानाफुलांची डिझाइनं काढायला लावली, इथंच आणायला पायजे होतं वं त्यांना." आम्ही तिथे चांगला तासभर होतो. तेवढ्या वेळात कितीतरी लोक आले, पाठ करून सेल्फी काढला आणि गेले. २००४ पासून हे स्टेशन जागतिक वारसा यादीत आहे म्हणे, पण सिंह-वाघाकडे मान वर करून बघणारा एक जण मला दिसला नाही, आणि त्यांचा तरी काय दोष, कुणी सांगितलं तर बघतील ना.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबई दर्शनची बस केली. कुणाची ते लिहीत नाही, सगळ्यांचं थोडंफार सारखंच असणार. एसी बस, माइकवर बोलणारा गाइड, पोरगा हसतमुख होता, त्याच्याबद्दल राग नाही, पण त्याला जे पाठ करून दिलंय तेच तो बोलणार. ह्या बंगल्यात हा हीरो राहतो, त्या गल्लीत ती हीरोइन राहायची, ह्या गेटसमोर रविवारी गर्दी होते. गेट बंद, पडदे ओढलेले, आणि आख्खी बस मोबाइल काढून भिंतीचे फोटो घेते. म्युझियमला वीस मिनिटं. म्हणजे १९२२ पासून उभं असलेलं, तीन मजल्यांचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय वीस मिनिटांत, त्यातली दहा तिकिटाच्या लायनीत आणि बॅग तपासण्यात. जेवायला मात्र त्यांच्या ओळखीच्या हॉटेलात सव्वा तास. दुपारनंतर आम्ही सरळ उतरून गेलो, पैसे गेले तर गेले.

उतरायचं खरं कारण म्हणजे राजाबाई टॉवर. त्याच्याजवळून जाताना गाइड म्हणाला, "ये है मुंबई का बिग बेन," आणि बस पुढे. मला एकदम कसंतरी झालं. माझे वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते, आमचं लहानपण सरकीच्या ढिगाऱ्यावर खेळण्यात गेलं, त्यामुळे कापसाची गोष्ट मी ऐकलेली आहे. तो टॉवर ज्यांच्या पैशाने उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद कापसाचे व्यापारी. आईचं नाव द्यायला लावलं, राजाबाई. १८७८ ला बांधून झाला, २८० फूट उंच. आणि एवढा पैसा आला कुठून, तर १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, गिरण्या बंद पडायची वेळ आली आणि त्यांनी हिंदुस्थानातून मिळेल त्या भावाने कापूस उचलला. मुंबईत पैशाचा नुसता पाऊस पडला. तो कापूस गुजरातचा होता, खानदेशचा होता आणि आपल्या वऱ्हाडचाही होता! १८६७ पर्यंत नागपूरपर्यंत जी रेल्वे गेली ती काय आपल्याला पंढरपूरला जाता यावं म्हणून नाही टाकली, कापूस बंदरावर यावा म्हणून टाकली. आमची ती शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची छोटी गाडी, तीसुद्धा नंतर कापसासाठीच आली. युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या, खुद्द प्रेमचंदशेठ अडचणीत आले, पण तोवर शहराचं रूपडं बदलायला लागलं होतं. आज ओव्हल मैदानाच्या एका बाजूला ह्या जुन्या दगडी इमारती आणि समोरच्या बाजूला नंतरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती, ह्या सगळ्याला मिळून २०१८ साली युनेस्कोने वारसा ठरवलं. (पिकवणाऱ्याला तेव्हा त्यातलं काय मिळालं ते विचारू नका. आज तरी काय मिळतंय.)

आता मला सांगा, यवतमाळ, खामगाव, अमरावतीकडून आलेल्या माणसाला हे कुणी त्या मैदानाच्या कडेला उभं करून दोन मिनिटांत सांगितलं तर त्याला ही मुंबई परकी वाटेल का? हा टॉवर आपल्या रानातल्या बोंडावर उभा राहिलाय असं वाटून तो जरा ताठ चालेल. बिग बेन कशाला पाहिजे मधे?

मग आम्ही हट्टाने कॉटन ग्रीन स्टेशनला गेलो, हार्बर लाइनला, सीएसएमटीहून थोडीच स्टेशनं. लेडीज डब्यात एक नर्सबाई भेटल्या, ड्यूटी संपवून घरी चालल्या होत्या. "काकू, कॉटन ग्रीनला काय बघणार तुम्ही, तिथे काही नाही," म्हणाल्या, पण मग त्यांनीच सांगितलं की सासरे गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकजण परत आत गेलेच नाहीत. सासऱ्यांनी नंतर वॉचमनकी केली, ती पण जिथे आधी गिरणी होती तिथल्याच टॉवरची. हे त्या इतक्या सहज सांगत होत्या, एका हाताने दांडा धरून, की आम्हा दोघींना काय बोलावं कळेना. बसमधल्या आख्ख्या दिवसात जेवढी मुंबई कळली नाही तेवढी त्या डब्यात कळली. उतरायच्या आधी त्यांनी आम्हाला दम पण दिला, "दाराशी आता या, गाडी थांबल्यावर उठू नका." लोकलचं एक सांगते, एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, कितीही चढा-उतरा, पण हे आम्हाला कळलं ते भाच्याकडून, मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्या मुंबईकरांना तर ते असतं हेच माहीत नव्हतं.

घारापुरीबद्दल सविस्तर लिहिते कारण तिथलंच मला जास्त लागलंय.

गेटवेहून लाँचने तासभर लागतो. मैत्रीण जरा घाबरली होती, १८ डिसेंबर २०२४ ला ह्याच मार्गावरच्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली ते तिच्या डोक्यात होतं. आम्ही लाइफ जॅकेट घालून बसलो आणि अर्ध्या वाटेत सीगल बघता बघता ती विसरली. तिथे जेटीपासून छोटी गाडी आहे, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंनी माळा, टोप्या, कैऱ्या, काकड्या, माकडं. बेट हे मुंबईत नाही बरं का, रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. आणि मुंबईच्या दिव्यांसमोर असून तिथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली, हे तिथल्या लिंबूसरबतवाल्या बाईने सांगितलं, तोवर जनरेटर, तोही रात्री काही तासच.

गुहेत शिरलं की आधी काही दिसत नाही, डोळे सरावावे लागतात, आणि मग समोर एकदम ती तीन तोंडांची मूर्ती, वीस फूट उंच. मैत्रीण म्हणाली, "बाप्पा!" आणि गप्पच झाली, ती गप्प होणं ही मोठी गोष्ट आहे. लोक तिला त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, आमच्या शेजारी एक बाबा नातवाला तेच सांगत होते, पण ती तिन्ही तोंडं शंकराचीच आहेत, सदाशिव. एका बाजूला मिशीवाला उग्र भैरव, दुसऱ्या बाजूला हातात फूल घेतलेलं बाईसारखं नाजूक तोंड, आणि मधे डोळे मिटलेला शांत. पण आम्ही जास्त वेळ उभ्या राहिलो ते शंकर-पार्वतीच्या लग्नाच्या शिल्पासमोर. पाय तुटलेत, हात तुटलेत, तरी पार्वतीची मान कशी खाली गेलीये ते दिसतं, आणि मागे तिचा बाप, हिमालय, तिला हलकेच पुढे करतोय. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे दगडात बघितलं. मैत्रिणीने वही काढून तो मानेचा बाक उतरवून घेतला, तेवढ्या वेळात दोन ग्रुप आले, गाइडने "ये शादी का सीन है" म्हटलं आणि नेले.

आणि हत्ती. पोर्तुगीजांनी ह्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते इथे एक मोठा दगडी हत्ती होता म्हणून. नातू बाबांना विचारत होता, "आबा, हत्ती कुठंय?" आणि बाबा म्हणाले, "असेल बाबा आत कुठेतरी." तो आत नाहीच. १८६४ मध्ये साहेबाने तो इंग्लंडला न्यायला उचलला, उचलताना पडला आणि तुकडे झाले. तुकडे भायखळ्याला राणीच्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये परत जोडून हत्ती उभा केला. आजही तो तिथेच आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी, उघड्यावर. मी हे त्या पोराला सांगितलं तर त्याचे डोळे एवढे मोठे झाले, आणि बाबा लगेच "मग उद्या तिकडंच जाऊ" म्हणाले. हे एवढंच तर पाहिजे असतं हो! आम्ही पण गेलो. राणीच्या बागेत सगळी झुंबड पेंग्विनकडे, पेंग्विन गोडच आहेत त्यात वाद नाही, पण हत्तीजवळ आम्ही दोघी आणि सावलीला डबा खात बसलेलं एक जोडपं. अंगावर जोडकामाचे सांधे अजून दिसतात. मैत्रिणीने हाताने मापं घेतली, कान, पाय, म्हणाली, कारागीर तोच नसेल पण बेटाच्या मातीतला आहे ना हा, तिथे ह्याचा निदान एक मोठा फोटो तरी लावायचा, खाली लिहायचं की मी भायखळ्याला आहे, भेटायला या. मला तर ही आयडिया एकदम पटली.

मैत्रिणीचे वडील दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जायचे, रेल्वेच्या जनरल डब्यातून, कधी डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. तिला चैत्यभूमीला जायचंच होतं. बसच्या लिस्टमध्ये ती नव्हतीच, शिवाजी पार्क दाखवलं, तिथून हाकेच्या अंतरावर चैत्यभूमी, पण तिचं नाव सुद्धा काढलं नाही. विचारलं तर म्हणे वेळ नाही. हीरोच्या गेटसमोर थांबायला वेळ आहे. ज्या जागी ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, जिथे सगळ्या महाराष्ट्रातून, देशातून माणसं येतात, ती जागा मुंबई दर्शनात बसत नसेल तर ते दर्शन कुणाचं? आम्ही आमच्या आम्ही गेलो, साध्या वारी गेलो म्हणून शांतपणे बसता आलं, नंतर हिंदू कॉलनीत राजगृह पण बाहेरून बघितलं. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. ह्याबद्दल तिने मला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

हुतात्मा चौकाचं पण तेच, मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचा पुतळा आणि शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन, बहुतेक लोक फोटो कारंज्याचा घेतात. आता तिथे मेट्रोचं स्टेशनही झालंय, ऑक्टोबर २०२५ पासून आरेहून थेट कफ परेडपर्यंत गाडी जाते, थंडगार आणि झटपट, मेट्रोला माझा विरोध नाही, पण मुंबई बघायला आलेल्याने जमिनीखालून जाऊ नये एवढंच म्हणते, वर बेस्टच्या बसला खिडकीत बसावं. समुद्र तर फुकट आहे. मरीन ड्राइव्हला कट्ट्यावर बसायला अजून तरी कुणी तिकीट लावलेलं नाही.

आता वाराचा मुद्दा, हा सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच होतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि आतली कान्हेरी लेणी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, भाऊ दाजी लाड संग्रहालय पण बुधवारी. तारापोरवाला मत्स्यालय, जे आमच्या पिढीला मुंबई म्हटलं की पहिलं आठवतं, ते तर कधीचं बंदच आहे. गेटवेला आम्हाला नांदेडचं एक कुटुंब भेटलं होतं, म्हातारी आई व्हीलचेअरवर, तीन पोरं, सोमवारी सकाळी येऊन उभे, रात्रीची परतीची गाडी. त्या बाईने पोरांना समुद्रच दाखवला आणि म्हणाली, "हेच बघा आता." ह्यात कुणाचा गुन्हा आहे? वेबसाइटवर असतं हो सगळं, पण आईला व्हीलचेअरवर घेऊन निघालेला माणूस वेबसाइट बघत बसत नाही, तो स्टेशनवर पाटी बघतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांनी सीएसएमटी, दादर, कुर्ला टर्मिनस अशा जिथे बाहेरगावच्या गाड्या येतात तिथे एक मोठी मराठी पाटी लावावी, कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद, किती वाजता बंद, जवळचं स्टेशन कुठलं, टुरिस्ट तिकीट कुठल्या खिडकीवर. एवढं 'आय लव्ह'वाल्या लाइटच्या अक्षरांपेक्षा स्वस्तात होईल. दुसरं म्हणजे मराठीतून सांगणारी माणसं. हेरिटेज वॉक मुंबईत खूप होतात, आम्ही चौकशी केली, पण आम्ही होतो त्या दिवसांत जे होते ते सगळे इंग्रजीत, फी पण चांगलीच. अहो इतिहासाची, पुरातत्त्वाची, जे. जे.ची एवढी पोरं शिकतायत, शनिवार-रविवार त्यांना माफक मानधनावर उभं करा, घारापुरीच्या लाँचमध्ये तासभर माणसं नुसती बसलेली असतात, त्या तासात कुणी चार गोष्टी सांगितल्या तर गुहेत गेल्यावर ती माणसं बघतील तरी. आणि गिरणगाव, चैत्यभूमी, कापसाची कहाणी हे सगळं बसवाल्यांच्या लिस्टमध्ये यायला हवं. लोकांना बंगलेच बघायचे असतात असं ते म्हणतील. आमच्या बसमध्ये निम्मे लोक विदर्भ-मराठवाड्याचे होते, त्यांना एकदा विचारून तर बघा.

त्या वाचकांना एवढंच सांगा की कोकणात जरूर जा, पण जाताना दोन दिवस मुंबईत उतरा. फक्त सोमवार टाळा. आमचं कान्हेरी राहिलंय, ते दिवाळीनंतर करायचं ठरलंय, तुमच्यापैकी कुणाला मराठीतून लेणी समजावून सांगणारं कुणी माहीत असेल तर पेपरातून जरूर कळवा, आम्ही दोघी आहोत, अजून चार जणी तयार होतायत.

आपली,
एक वाचक, अमरावती